नऊ फितींवरून माणूस सापडतो का? जुन्या जर्मन रिबन बारचा माग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रेमेनला नोकरी करताना ओल्डनबुर्गच्या जुन्या बाजारात तुम्हाला एक जर्मन रिबन बार, म्हणजे गणवेशावर लावायची पदकांच्या फितींची पट्टी, मिळाला. नऊ फिती ओळीने शिवलेल्या, मागे लोकरी कापड आणि टाचणीची पिन. नाव नाही, कागद नाही, डबी नाही. विकणाऱ्या आजींना एवढंच माहीत होतं की एका घराची आवराआवर करताना तो निघाला. तुम्ही पुढून काढलेला एक फोटो पाठवलात आणि विचारलंत, की हा ज्याच्या छातीवर होता त्याचं नाव सापडेल का, आणि सापडलं तर हा त्याच्या घरच्यांना परत देता येईल का?

परत द्यायचा म्हणून विचारताय, याचा मला फार आनंद झाला. गेली एकवीस वर्षं मी इथल्या लिलावांसाठी पदकांची आणि फितींची वर्णनं लिहिते. बहुतेक लोक विचारतात ते किमतीचं. माणसाचं विचारणारे थोडे.

आधी स्पष्ट सांगते. बहुतेक रिबन बारचा मालक कधीच सापडत नाही. तीन फिती असलेला, आयर्न क्रॉस, १९३४ चा युद्धसन्मान क्रॉस आणि एखादं नोकरीचं पदक एवढंच दाखवणारा बार घेऊन कोणी आलं, तर मी पहिल्या मिनिटाला नाही म्हणते. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे आयर्न क्रॉस पन्नास लाखांच्या आसपास वाटले गेले. त्यातून एक माणूस काढणं म्हणजे पंढरीच्या वारीत फक्त पांढऱ्या टोपीवरून ओळख पटवणं. तुमचा बार मात्र तसा नाही. त्यात अशा दोन फिती आहेत ज्यांच्यामुळे मला आशा वाटते, आणि त्या पहिल्या दोन नाहीत.

रिबन बार म्हणजे काय ते आधी पक्कं करू. समारंभाला पूर्ण पदकं लटकवायची, रोजच्या गणवेशावर मात्र त्या पदकांच्या नुसत्या फितींची पट्टी लावायची. जर्मन भाषेत तिला बांडश्पांगे किंवा ऑर्डेन्सश्पांगे म्हणतात. हे बार सैन्याच्या कोठारातून मिळत नसत. माणूस आपली पदकं मिळाल्याचे कागद घेऊन गावातल्या दुकानात जायचा आणि शिवून घ्यायचा. म्हणून प्रत्येक बार एका विशिष्ट माणसासाठी, विशिष्ट दिवशी बनलेला असतो. पुढे नवीन पदक मिळालं की जुना बार खणात पडायचा आणि नवा शिवला जायचा. एकाच माणसाचे तीन-चार वेगवेगळे बार असू शकतात, आणि तुमच्या हातातला त्यांपैकी नेमका कोणत्या वर्षाचा, हे ठरवणं हे निम्मं काम आहे.

दुसरी गोष्ट, बार सगळं सांगत नाही. पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस फितीवर नसतो, तो छातीवर पिनेने थेट टोचतात. त्यामुळे तो बारवर दिसणारच नाही. गळ्यात घालायच्या पदकांचंही तेच. तेव्हा ‘बारवर नाही म्हणजे मिळालं नाही’ हा निष्कर्ष काही पदकांना लागू होतो, काहींना नाही. ही चूक नवखे लोक सर्रास करतात.

आता तुमच्या फिती, डावीकडून.

पहिली काळी, कडांना पांढरी: आयर्न क्रॉस, दुसरी श्रेणी, १९१४. लढणाऱ्यांना हा रंग. मागच्या फळीतल्यांना उलटा, म्हणजे पांढऱ्यावर काळ्या कडा. तुमचा माणूस लढणाऱ्यांतला.

दुसरी अगदी पहिलीसारखीच, पण तिच्यावर पितळी रंगाचा इवलासा मुकुट आणि दोन तलवारी. तुम्हाला वाटलं दुकानदाराने चुकून एकच फीत दोनदा शिवली. तसं नाही. प्रशियाच्या होहेनझोलर्न राजघराण्याच्या ऑर्डरचा (ऑर्डर म्हणजे राजाने दिलेला वरच्या दर्जाचा सन्मान) तलवारींसह नाइट्स क्रॉस युद्धात आयर्न क्रॉसच्याच फितीवर दिला जायचा, आणि फरक कळावा म्हणून ही चिन्हं. हा फक्त अधिकाऱ्यांना. साऱ्या युद्धात सुमारे आठ हजार जणांना मिळाला. तेव्हा एका फितीने आपण लाखांच्या गर्दीतून आठ हजारांवर आलो.

तिसरीला तुम्ही ‘पांढरी, फिक्या गुलाबी रेघांची’ म्हटलंय. माझ्या मते ती गुलाबी नाही, उडालेली नारिंगी आहे. पांढऱ्यावर कडेजवळ दोन नारिंगी पट्टे ही प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, रेड ईगल ऑर्डरची फीत. इथे एक काम करा. बार उपडा घ्या, बांबूची दात कोरायची काडी घ्या, आणि फीत जिथे मागे दुमडून शिवली आहे तिथे तिची कड काडीने हळूच, केसाएवढी, उचला. टाका तोडू नका. दुमडीच्या आत शंभर वर्षं ऊन शिरलेलं नाही. तिथे रंग पहिल्या दिवशीसारखा असतो. मी हे शेकडो वेळा केलंय आणि अजूनही दरवेळी अंगावर काटा येतो. पुढून विटकी, पिवळट, म्हातारी झालेली फीत, आणि आत केशरी रंग असा टवटवीत की कालच रंगवली असावी. तिथे नारिंगी दिसलं तर शंका संपली. या ऑर्डरची चौथी श्रेणी शांततेच्या काळात बऱ्याच वर्षांची नोकरी झालेल्या कॅप्टनला किंवा मेजरला मिळायची. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा हा पोरसवदा लेफ्टनंट नव्हता.

चौथी, साधी निळी. हिच्यापाशी थोडं थांबावं लागेल, कारण इथेच लोक फसतात. प्रशियात साध्या निळ्या फितीवर एक नाही, अनेक पदकं होती. क्राउन ऑर्डर निळ्या फितीवर. पंचवीस वर्षं सेवा केलेल्या अधिकाऱ्याचा क्रॉसही निळ्या फितीवर. राखीव दलातल्या अधिकाऱ्याच्या सेवेचा क्रॉसही निळा. चिन्ह नसेल तर फितीवरून फरक करता येत नाही, जागेवरून थोडा करता येतो. तुमची निळी रेड ईगलनंतर आणि पिवळीच्या आधी आहे. तिथे क्राउन ऑर्डरही बसते आणि पंचवीस वर्षांचा क्रॉसही. दोन्ही शक्यता कागदावर लिहून ठेवा आणि एकही खोडू नका. पुढे यादीशी ताडताना एक आपोआप गळेल.

पाचवी, पिवळी. ही माझी सगळ्यांत आवडती फीत, कारण ती तारीख सांगते. पहिल्या विल्हेल्म सम्राटाच्या जन्माला २२ मार्च १८९७ रोजी शंभर वर्षं झाली. त्या दिवशी सैन्यात हजर असलेल्यांना, आणि १८६४, १८६६, १८७०-७१ च्या युद्धांतल्या जुन्या सैनिकांनाही, हे पदक दिलं गेलं. तुमच्या माणसाला १९१४ चे क्रॉस आहेत, तेव्हा तो सत्तरच्या युद्धातला म्हातारा नव्हे. म्हणजे तो २२ मार्च १८९७ ला गणवेशात होता. अठरा-एकोणीसचा कॅडेट धरला तरी जन्म १८७९ च्या पुढे जात नाही. रेड ईगल बघता मी त्याचा जन्म १८६८ ते १८७८ च्या दरम्यान धरीन. निळी फीत पंचवीस वर्षांच्या क्रॉसची असेल तर तीही यात बसते, कारण युद्धातली वर्षं सेवेत दुप्पट मोजली जायची. १८९७ च्या सुमारास भरती झालेला अधिकारी १९१८ पर्यंत पंचवीसचा आकडा गाठू शकत होता.

आता खरा खजिना, सहावी आणि सातवी. सहावी निळी, लाल कडांची. ही ओल्डनबुर्ग राज्याच्या फ्रीडरिख आउगुस्ट क्रॉसची, सप्टेंबर १९१४ मध्ये सुरू झालेल्या पदकाची. एक धोका आहे. हेसेन राज्याच्या शौर्यपदकाची फीतही निळी आणि लाल कडांची, फक्त तिचा निळा आकाशी. उन्हाने ओल्डनबुर्गचा निळा विटून आकाशी होतो आणि मग लोक हेसेनमध्ये महिनोन् महिने शोधत बसतात. पुन्हा तोच उपाय: काडी, दुमड, आतला रंग.

सातवी पांढऱ्या-लाल पट्ट्यांची. १९१५ मध्ये हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन स्वतंत्र शहरांनी हान्झेआटिक क्रॉस काढले. तिघांच्याही फिती लाल-पांढऱ्या, पण पट्ट्यांची मांडणी वेगळी. तुमच्या फोटोत मला ती ब्रेमेनची वाटते. पण फोटो पिवळ्या दिव्यात काढलाय, म्हणून दिवसाच्या उजेडातला हवा.

आठवी, लाल-पांढऱ्या शिडीसारख्या नक्षीची: ऑस्ट्रिया-हंगेरीचा लष्करी गुणवत्ता क्रॉस, अधिकाऱ्यांचा. ऑस्ट्रियन लोक त्रिकोणी घडीवर लावतात, जर्मन शिंप्याने इतरांसारखीच सपाट शिवलीय. नववी लाल, दोन पांढऱ्या रेघांची: १९१५ चं ऑटोमन (तुर्की) युद्धपदक, लढणाऱ्यांचं.

या क्रमाकडे पुन्हा एकदा बघा. आधी प्रशियाची सगळी, मग दुसऱ्या जर्मन राज्यांची, मग परदेशांची. जर्मन साम्राज्यात पंचवीस राज्यं होती आणि जवळपास प्रत्येकाची स्वतःची पदकं. आपल्याकडे संस्थानांच्या काळात कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर यांचे मानमरातब वेगवेगळे होते, त्याची आठवण ठेवली की हे चटकन समजतं. शिस्त अशी की आपल्या राजाचं आधी. रेड ईगल, निळी आणि पिवळी या तिन्ही प्रशियन फिती ओल्डनबुर्गच्या आधी लागल्यात, म्हणजे हा माणूस प्रशियाच्या सैन्यातला. एकटा आयर्न क्रॉस हे सांगू शकत नाही, तो सगळ्याच राज्यांतल्या सैनिकांच्या बारवर सहसा पुढे असतो.

आणि बारवर काय नाही ते. १९३४ च्या जुलैमध्ये युद्धसन्मान क्रॉस सुरू झाला. अर्ज केला की हयात असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला मिळत होता. काळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांची त्याची फीत इथे नाही. तेव्हा बार त्याआधीचा, किंवा माणूस तोवर गेलेला, किंवा त्याने मागितलाच नाही. निळ्या फितीवर गरुडाचं चिन्ह असतं तर १९३६ नंतरची वेअरमाख्टची, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्यातली, सेवा समजली असती. तेही नाही. मी हा बार १९१८ ते १९३४ मधला धरते. कापड तपासायला काळ्या उजेडाची (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्च अंधाऱ्या खोलीत फितींवर आणि दोऱ्यावर मारा. पांढरा भाग निळसर चमकला तर दोरा किंवा फीत दुसऱ्या महायुद्धानंतरची असण्याचा संशय घ्या, कारण अशी चमक आणणारी रसायनं कापडात त्याच सुमारास आली. फक्त एकच फीत चमकली तर नंतर कुणीतरी दुरुस्ती केलीय किंवा किंमत वाढवायला भारी फीत घातलीय. एक मात्र सांभाळा, साबणानेही चमक येते, म्हणून नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका. फीत जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आता शोधाकडे. बहुतेक लोक इथे सरळ बर्लिनला किंवा पोट्सडामला पत्र लिहायला निघतात. प्रशियाच्या सैन्याचं अभिलेखागार पोट्सडामला होतं आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. लाखो माणसांचे सेवापट एका रात्रीत गेले. आयर्न क्रॉसची संपूर्ण नावनिशी यादी म्हणूनच आज कुठेही नाही. म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात बव्हेरियाचे, श्टुटगार्टला व्युर्टेम्बेर्गचे आणि ड्रेस्डेनला सॅक्सनीचे बरेच कागद बचावले, पण तुमचा माणूस प्रशियाचा. दरवाजा बंद झाल्यासारखा वाटतो.

पण ओल्डनबुर्गचा क्रॉस प्रशियाने दिला नव्हता. तो ओल्डनबुर्गच्या ग्रँड ड्यूकच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, कचेरीने दिला. ब्रेमेनचा ब्रेमेनच्या सेनेटने दिला. त्यांची दप्तरं पोट्सडामला गेलीच नाहीत, ती त्या त्या गावात राहिली. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, की मोठ्या नावाच्या पदकामागे धावू नका, छोट्या राज्याच्या फितीमागे जा. बारवर एखादी छोटी, अनोळखी, अवघड उच्चाराच्या राज्याची फीत दिसली की माझे डोळे तिच्यावरच खिळतात. छोटं राज्य, छोटी यादी, आणि बऱ्याचदा टिकून राहिलेली यादी.

तुम्ही ब्रेमेनलाच आहात हा नशिबाचा भाग. ब्रेमेनच्या राज्य अभिलेखागारात आणि ओल्डनबुर्गच्या अभिलेखागारात स्वतः जाऊन विचारा, की १९१४ ते १९१८ मधल्या या दोन क्रॉसच्या प्रस्तावांचे आणि प्रदानाचे कागद कोणत्या दप्तरात आहेत. ईमेलपेक्षा वाचनकक्षात गेलेला माणूस लवकर उत्तर घेऊन येतो. जुनी जर्मन लिपी वाचता येत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच याद्या टंकलेल्या असतात, आणि नावं ओळखण्याइतकी लिपी महिनाभराच्या सरावाने डोळ्यात बसते. ज्यांना लहानपणी आजोबांच्या दप्तरातली मोडी बघायची सवय आहे त्यांना तर ती आणखी लवकर येते असा माझा अनुभव आहे.

जाण्यापूर्वी घरी बसून संशयितांची यादी तयार करा. त्यासाठी प्रशियाच्या सैन्याची वार्षिक रांगलिस्टे, म्हणजे अधिकाऱ्यांची पदवार सूची, वापरायची. युद्धाआधीची शेवटची ६ मे १९१४ च्या स्थितीची आहे. तिच्यात रेजिमेंटवार अधिकाऱ्यांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची पदकं संक्षेपाने दिलेली आहेत. रेड ईगल आहे का, क्राउन ऑर्डर आहे का, पंचवीस वर्षांचा क्रॉस आहे का, हे तिथे एका ओळीत दिसतं. तुमची चौथी निळी फीत इथेच उलगडू शकते. शंभराव्या जयंतीचं पिवळं पदक मात्र तिथे शोधू नका, ती मोठी ऑर्डर नव्हती.

कोणत्या रेजिमेंटपासून सुरुवात? ओल्डनबुर्गची ९१ वी इन्फंट्री रेजिमेंट आणि ब्रेमेनची ७५ वी, जिला पहिली हान्झेआटिक म्हणत. (पुढे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झालेला हिंडेनबुर्ग १८९० च्या दशकात याच ९१ व्या रेजिमेंटचा प्रमुख होता, म्हणून तिच्यावर लिहिलेलं बरंच सापडतं.) ओल्डनबुर्गची १९ वी ड्रॅगून घोडदळ रेजिमेंटही सोडू नका. शांततेच्या काळात इन्फंट्री रेजिमेंटमध्ये तीन बटालियन आणि बारा कंपन्या, शिवाय एक मशीनगन कंपनी. म्हणजे कॅप्टन आणि मेजर मिळून वीस-पंचवीस नावं. त्यांतून रेड ईगल चौथी श्रेणी असलेले उचला, तुमच्या वहीचं एक पान भरेल. ज्यांच्यापुढे या बारवर नसलेली एखादी जास्तीची फितीवरची ऑर्डर आहे त्यांच्या नावाला खूण करून बाजूला ठेवा, पण अजून पूर्ण काढू नका.

यानंतर १९२६ ची एरेनरांगलिस्टे घ्या. जुन्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांचं युद्धात काय झालं, कोण पडला, कोण कोणत्या हुद्द्याने निवृत्त झाला, हे तिच्यात रेजिमेंटवार आहे. १९१५ मध्ये पडलेल्याच्या बारवर इतक्या फिती जमणं कठीण, ती नावं गळतात. मग रेजिमेंटांचे इतिहास. विसाच्या दशकात जवळपास प्रत्येक रेजिमेंटच्या जुन्या लोकांनी आपला इतिहास छापला, आणि त्यांतले कितीतरी खुद्द ओल्डनबुर्गच्या श्टालिंग प्रकाशनाने काढले. त्यांत फोटो असतात. ‘मिलिटेर-वोखेनब्लाट’ या साप्ताहिकात बढत्या आणि पदकं छापून येत, तेही मोठ्या ग्रंथालयांत मिळतं.

शेवटची, तुर्की फीत. ती बघून तुम्ही लिहिलंत, ‘म्हणजे हा इराकमध्ये आपल्या लोकांविरुद्ध लढला असेल का?’ शक्यता आहे. जर्मन फील्ड मार्शल फोन डेर गोल्ट्स बगदादला ऑटोमन सहाव्या सैन्याचा प्रमुख होता. त्या सैन्याने कूट अल अमारा इथे वेढलेली फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठ्यांच्या पलटणी होत्या. एप्रिल १९१६ च्या अखेरीस ती शरण गेली, गोल्ट्स त्याआधी दहा दिवस तापाने वारला होता. त्याच्याभोवती जर्मन अधिकारी होते. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत कूटमध्ये गेलेल्या पणजोबांची आठवण आहे, त्यामुळे ही फीत आपल्याला हलवते हे मी समजते. तरीही त्या एका फितीवर पूर्ण कथा रचू नका. ऑटोमन पंधरावी कोअर १९१६-१७ मध्ये गॅलिशियात, पूर्व आघाडीवर, जर्मनांच्या शेजारी लढली, आणि तिथल्या जर्मन अधिकाऱ्यांनाही हे पदक मिळालं. तुमच्या माणसाकडे तुर्की फितीच्या जोडीला ऑस्ट्रियाची आहे. ऑस्ट्रियन आणि तुर्क दोघांच्या शेजारी उभं राहायचं ठिकाण म्हणून मला बगदादपेक्षा गॅलिशिया जास्त पटतं. हा अंदाज आहे, पुरावा नाही. उमेदवारांपैकी कोणी १९१६ च्या उन्हाळ्यानंतर त्या आघाडीवर होता का, एवढंच तपासायला त्याचा उपयोग.

समजा एक नाव उरलं. तेव्हाच सर्वांत जपून राहायचं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बारला नाव लावलं होतं. सातपैकी सहा फिती जुळत होत्या, माणूस त्याच रेजिमेंटचा, त्याच गावचा. मी इतकी खूश झाले की सातवी न जुळणारी फीत ‘नंतर मिळाली असेल’ म्हणून सोडून दिली. त्याच्या नातीला पत्र लिहिलं. तिने उलट टपाली आजोबांचा १९१७ चा फोटो पाठवला. त्यात त्यांच्या बारवर सॅक्सनीची एक फीत स्पष्ट होती, आणि माझ्या हातातल्या बारवर, जो नक्की १९१७ नंतरचा होता, ती नव्हती. माणूस मिळालेली फीत काढून नवा बार शिवत नाही. मी चुकले होते. त्या बाईंनी आजोबांची वस्तू मिळणार म्हणून घरच्यांना सांगून ठेवलं होतं, आणि मला त्यांना फोन करून नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून काय जुळतं याची यादी मी नंतर करते. आधी त्या माणसाला मिळालेलं, बारवर असायलाच हवं होतं आणि नाही, असं काही आहे का ते बघते. एक जरी सापडलं तरी त्या नावावर काट.

फोटोशी ताडताना आणखी एक सापळा. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा फार दिसे. त्यामुळे जुन्या फोटोत साधी निळी फीत फिक्की, जवळपास पांढरी येते, आणि लाल आणि पिवळी काळपट. तुमच्या बारची चौथी-पाचवी जोडी फोटोत ‘एक फिकट, एक गडद’ अशी दिसेल, आपल्याला वाटतं त्याच्या उलट बऱ्याचदा. ओल्डनबुर्गची फीत फिकट मधोमध आणि काळ्या कडा अशी. हे डोक्यात न ठेवता मी लोकांना अचूक फोटो बाजूला टाकताना पाहिलंय.

बाजारातल्या कागदांवरही विश्वास ठेवू नका. एका विक्रेत्याने मला एकदा बारसोबत नाव लिहिलेली जुनी चिठ्ठी दिली. शाई तपकिरी, अक्षर देखणं. कागद मात्र टॉर्चखाली पांढराशुभ्र चमकला. तुम्हाला बार विकणाऱ्या आजींकडे कागदच नव्हता, हे उलट बरं झालं. त्यांना पुन्हा भेटा आणि ते घर कोणत्या गल्लीत होतं एवढं विचारा. नाव नको, गल्ली पुरे. ओल्डनबुर्ग आणि ब्रेमेनच्या जुन्या पत्ता-पुस्तकांत गल्लीवार रहिवासी आणि त्यांचा पेशा छापलेला असतो, आणि निवृत्त मेजर आपल्या नावापुढे हुद्दा लावल्याशिवाय राहत नसे. तुमच्या वहीतल्या पानावरचं एखादं नाव त्या गल्लीत सापडलं, तर अभिलेखागारात जाताना ते सगळ्यांत वर लिहून घेऊन जा.

परत देण्याबद्दल: नाव पक्कं झालं तरी थेट वंशजांच्या दारात जाऊ नका. आधी अभिलेखागाराला किंवा गावातल्या वंशावळी मंडळाला मध्यस्थी करायला सांगा. काही घरांना ही वस्तू हवीशी असते, काहींना त्या काळाची आठवण नकोशी असते, आणि दोन्ही त्यांचा हक्क आहे. कोणी न घेतल्यास ओल्डनबुर्गच्या संग्रहालयाला विचारता येईल, पण सगळ्या टिपणांसकट. टिपणांशिवाय बार पुन्हा अनाथ होतो.

तोवर त्याला धुऊ नका, इस्त्री तर मुळीच नको, गंजलेल्या पिनेला तेल लावू नका. आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, डांबराच्या गोळ्यांपासून लांब. आणि मला तीन फोटो पाठवा: एक मागच्या बाजूचा पूर्ण, एक तिसऱ्या आणि सहाव्या फितीच्या दुमडीतला, आणि एक सातव्या फितीचा, खिडकीपाशी सकाळच्या उजेडात काढलेला. सातवी ब्रेमेनचीच निघाली तर सोमवारी अभिलेखागाराचा वाचनकक्ष किती वाजता उघडतो ते बघून ठेवा.